दाब, धर, सोड

डाव्या चाकातून वास यायचा
रिकामा तवा तापल्यावर येतो तसा,
आणि पुलाच्या उतारावर ट्रक एका अंगाला ओढायचा,
जत्रेत खेळण्याच्या दुकानाकडे पोर ओढतं तसा.

गॅरेजवाला लोवेल म्हणाला, नवे कॅलिपर टाका,
मजुरी धरून सहाशे.
मी विचारलं, नुसतं रबराचं किट केवढ्याला?
अठरा डॉलर. तो हसला.
मीही हसले, आणि किट घेऊन घरी आले.

इरी, पेनसिल्व्हेनिया. ऑक्टोबर संपत आलेला.
सरोवरावरचा वारा गॅरेजच्या दाराखालून आत येतो
आणि पाठीखालच्या पुठ्ठ्यावर झोपतो माझ्या आधी.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
इथं बर्फासाठी रस्त्यावर पेरलेलं मीठ
उलट आपल्यालाच खातं.
बावीस हिवाळे खाल्लंय त्यानं या गाडीला.
बोल्टाचं डोकं बोल्टाचं उरलेलं नाही,
गुळाचा खडा झालाय.

मिरजेला मामांचं लेथ होतं. ते म्हणायचे,
गंजाशी भांडायचं नसतं गं,
त्याला भिजत घालायचं आणि जेवायला जायचं.
मी तेल सोडलं. जेवून आले. झोपून आले.
सकाळी पान्याला चार फुटी पाइप लावला,
तेव्हा बोल्ट कण्हला, आणि फिरला.

मग कॅलिपरच्या जबड्यात लाकडाचा तुकडा,
बोटं बाहेर,
कंप्रेसरची हवा थोडी, आणखी थोडी,
फट्ट!
पिस्टन सुटून लाकडावर आदळला.
आत वाळक्या चिंचेसारखा काळा गाळ.
खाचेतली जुनी कडी क्रोशाच्या सुईनं उचलली
(ओरखडा उठला तर संपलं),
पिस्टन पॉलिश पेपरनं घासला,
नखाला काही लागेनासं होईपर्यंत.
नवी कडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली.
पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी.
तिरका गेला की अडून बसतो,
सरळ धरला तर जड, सावकाश, आत जातो.
दोन्ही बाजूंचे झाले तेव्हा चार वाजले होते.

इथवर एकटीनं जमतं.
पण पाइपात हवा राहते,
आणि ती काढायला दोन माणसं लागतात:
एक वर पेडलवर, एक खाली चाकाशी.

हेरंबशी अकरा दिवस अबोला.
कारण सांगण्याजोगं आहे,
पण सांगायला बसले तर बारावा दिवस लागेल.
मी हाक मारली नाही.
खिडकीतून हात घालून एकदा हॉर्न वाजवला.
तो आला. सपाता, उलटा घातलेला स्वेटर,
हाताला कणीक.
मी पेडलकडे बोट दाखवलं
आणि आधी लांबच्या चाकाशी जाऊन आडवी झाले.

दाब, म्हटलं.
दाबला.
धर.
ब्लीडर पाव आटा उघडला,
पारदर्शक नळीतून आधी फेस,
मग उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं तेल.
ब्लीडर बंद करायच्या आत त्यानं पाय उचलला.
गेली सगळी हवा परत आत.
मी काही बोलले नाही. तोही नाही.
दाब. धर. मी बंद केलं.
आता सोड.

दाब. धर. सोड.
बाटलीत तेल ओत, म्हटलं एकदा. त्यानं ओतलं.
दाब. धर. सोड.
वरून आवाज आला, अजून किती?
बुडबुडे यायचे थांबेपर्यंत.
बरं, म्हणाला.

जवळचं चाक. तिसऱ्या खेपेला नळीत
नुसतं तेल, मधाच्या रंगाचं, अखंड.
मी ब्लीडर आवळला.
वरून तो म्हणाला, कडक लागतोय आता.
दाराखालून बर्फाचे चार कण आत आले,
पुठ्ठ्याच्या कडेला विरघळले.
त्याचा पाय पेडलवर तसाच होता,
कारण मी अजून सोड म्हटलं नव्हतं.
पाना हातात धरून मी तशीच पडून राहिले,
आणि म्हणायला जरा वेळ लावला.